आधी पिवळी झाडे मोजा

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

मी मूळची पुण्याची. लग्नानंतर गेली सहा वर्षे हिमाचलात, कोटगढ भागात राहते आहे. सासऱ्यांच्या पश्चात पंधरा बिघ्यांची, म्हणजे साधारण तीन एकरांची सफरचंदाची बाग सासूबाई, यजमान आणि दीर मिळून पाहतात. दोनशेच्या आसपास झाडे आहेत, त्यांतली बहुतेक रॉयल या लाल जातीची आणि चाळीस वर्षांची. पाणी एकाच झऱ्याचे, आणि मे महिन्यात तोही बारीक होतो. 2022 साली आमच्या साडेसातशे पेट्या गेल्या होत्या. यंदा हजाराच्या जवळपास गेल्या, पण पेटीमागचा भाव इतका उतरला की हाती पैसा जवळजवळ तेवढाच आला. सफरचंदात आता राम राहिला नाही, असे मला वाटू लागले आहे. म्हणून घराच्या वरच्या मजल्यावर ऑगस्टमध्ये पाहुणे ठेवावेत, हलक्या फळांच्या सुक्या चकत्या आणि व्हिनेगर करावे, आणि जुनी झाडे काढून दाट लागवड करावी, असा माझा विचार आहे. सुरुवात ज्यांना भाव मिळत नाही त्या पिवळ्या झाडांपासून, म्हणजे पिवळे फळ देणाऱ्या गोल्डन जातीपासून, करता येईल. पुण्याची एक मैत्रीण पैसे घालायला तयार आहे. बदल्यात तिला बागेचा एक तुकडा नावावर हवा आहे. सासूबाईंपुढे काहीही मांडले की त्या एवढेच म्हणतात, ‘पहले सीजन निकलने दो.’ सीझन निघतो आणि दुसरे काम सुरू होते. मी बाहेरची म्हणून माझे ऐकले जात नाही का?

— स.

उत्तर

प्रिय स.,

पेट्यांच्या हिशेबापासून सुरुवात करते, कारण तुमच्या साऱ्या योजना त्या हिशेबातून आलेल्या निराशेवर उभ्या आहेत आणि तो हिशेबच चुकला आहे. 2022 साली तुमच्याकडे जी पेटी भरली जात होती ती वर सरकणाऱ्या झाकणाची जुनी ‘टेलिस्कोपिक’ पेटी होती. तिच्यात थरावर थर चढवून पंचवीस-तीस किलो माल सहज दडपला जाई, आणि पैसे मात्र पेटीवर मिळत. 2024 च्या हंगामापासून हिमाचल सरकारने युनिव्हर्सल कार्टन, म्हणजे ठराविक मापाचे खोके, सक्तीचे केले आणि त्यात साधारण वीस किलो माल बसतो. तुमच्या साडेसातशे जुन्या पेट्या सत्तावीस किलोंच्या धरल्या तर वीस टनांच्या थोडे वर जातात, आणि हजार नव्या पेट्या वीस किलोंच्या धरल्या तर वीस टनच होतात. म्हणजे पीक वाढले नाही आणि, तुमच्याच सांगण्यानुसार पैसा तेवढाच आला असेल तर, किलोचा भावही पडलेला नाही. पेटी लहान झाली आहे, इतकेच. महागाई आणि मजुरी वाढली हे खरे, आणि त्या मानाने उत्पन्न जागच्या जागी राहिले ही काळजीची गोष्ट आहेच. पण ‘राम राहिला नाही’ आणि ‘तीन वर्षे उत्पन्न हलले नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. या हिवाळ्यात घरातल्या जुन्या वह्या, अडत्यांच्या पट्ट्या आणि भाड्याच्या पावत्या घेऊन बसा आणि गेल्या पाच वर्षांचा सगळा माल किलोत मांडा. प्रत कोणती, किती किलो, भाडे, हमाली आणि अडत वजा जाता हाती काय आले, एवढेच स्तंभ पुरेत. मोठ्या फळापासून ‘पित्तू’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बारक्या फळापर्यंत कोणत्या प्रतीने घर चालवले, हे त्या वहीतून दिसेल. तुमच्या घरात हे काम आजवर कोणी केलेले नाही, असे पत्रावरून वाटते.

आता पाहुण्यांचे. पाहुणे ठेवण्याची कल्पना वाईट नाही, पण त्यासाठी तुम्ही निवडलेला महिना वर्षातला सर्वांत चुकीचा आहे. झाडावर लगडलेली लाल सफरचंदे पाहायला लोक येतील हे मान्य. परंतु ऑगस्टात तुमच्या वरच्या मजल्यावर काय असते, ते तुम्हीच आठवून पाहा. एका खोलीत सपाट पडलेल्या कार्टनच्या चळती, दुसरीत ट्रेचे गठ्ठे, व्हरांड्यात ताडपत्रीवर प्रतवारी चाललेली आणि मागच्या खोलीत नेपाळहून आलेले गडी. किल्टे, म्हणजे उंच टोपल्या, पाठीवर घेऊन माणसे उतारावरून चढत-उतरत असतात. पावसाचे दिवस, त्यात नारकंड्यापासून खालपर्यंत कुठे दरड येईल याचा नेम नाही. 2023 च्या पावसाळ्यात रस्ते बंद पडले तेव्हा काही बागायतदारांवर तयार माल नाल्यात ओतून देण्याची वेळ आली होती. अशा वेळी अडकून पडलेल्या पाहुण्यांना गरम पाणी द्यायचे की भरलेल्या पेट्या कोणत्या वाटेने मंडीत पोहोचतील ते पाहायचे, हा प्रश्न तुमच्यापुढे रोज सकाळी उभा राहील.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या आंब्याच्या बागेत मी हाच उद्योग एका मे महिन्यात करून पाहिला आहे. माणसांना झाडावरचा हापूस पाहायचा असतो, तेव्हा मे महिन्यातच बोलवावे, असे माझे गणित होते. आमच्याकडेही तोडणीला नेपाळी गडी असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम माझे होते. एका सकाळी पाहुण्यांच्या घावन-चटणीत मी अडकले आणि नव्या गड्यांनी झेल्याने नीट न काढता आंबे ओढून काढले. देठ राहिला नाही, चीक फळावरून ओघळला आणि चौथ्या दिवशी आढीत उघडून पाहिले तर त्या दिवसाच्या निम्म्या मालावर काळे ओघळ उमटले होते. पाहुण्यांनी दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट नुकसान झाले. दोष गड्यांचा नव्हता. त्या सकाळी बागेत असायला हवे होते ते मी.

सफरचंदाची तोडणी तर आंब्याहूनही नाजूक, कारण तिथे चुकीच्या हाताने यंदाचे फळच नव्हे, पुढच्या वर्षीचेही जाते. फळ तळहातात धरून किंचित वर उचलून वळवले की देठासह अलगद सुटते. खाली खेचले तर ज्या आखूड कोंबावर ते लागलेले असते तो कोंब, तुमच्याकडे ज्याला ‘बीमा’ म्हणतात तो, फळाबरोबर तुटून येतो. पुढच्या वसंतातले फूल त्याच बीम्यावर येणार असते. हौसेने तोडणीला उतरलेला पाहुणा पहिल्या दहा मिनिटांत असे किती बीमे मोडील, याची कल्पना तुमच्या सासूबाईंना आहे. ‘पहले सीजन निकलने दो’ या वाक्यामागे हेही असू शकते.

मग पाहुणे केव्हा? माझ्या मते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि पहिल्या वर्षी दोनच खोल्या. एप्रिलात तुमच्या उंचीवर फुलोरा असतो. पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेली बाग लाल फळांच्या बागेपेक्षा देखणी दिसते, असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्याही त्याच सुमारास लागतात. फुलोऱ्यात मधमाश्यांना अपाय नको म्हणून कीटकनाशकांची फवारणी थांबलेली असते, त्यामुळे बागेत फिरणेही सुरक्षित. फक्त मधपेट्यांपासून लोकांना दूर ठेवावे लागेल. पाकळ्या गळाल्या की फवारण्या सुरू होतात, तेव्हा त्या-त्या दिवशी बाग पाहुण्यांना बंद, हा नियम आरक्षण घेतानाच सांगून टाका. मे महिन्यात गारांचे भय असते आणि घरचे सगळे आभाळाकडे पाहत असतात. ज्यांच्या बागेवर जाळ्या आहेत तेही. त्या दिवसांत घरात परकी माणसे असणे सासूबाईंना चालेल का, हे त्यांनाच विचारा. पर्यटन खात्याकडे नोंदणी केल्याशिवाय एकही खोली देऊ नका. जुलै ते सप्टेंबर वरचा मजला पेट्यांचा, हे घरातल्या घरात एकदा ठरून गेले, तर विरोधाची निम्मी धार तिथेच बोथट होईल.

सुक्या चकत्यांबाबत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. डागी, वेडीवाकडी, गारांनी टिचलेली फळे पेटीत जात नाहीत. अशा हलक्या फळांची खरेदी सरकार बाजार हस्तक्षेप योजनेखाली करते आणि तो दर अलीकडे किलोला 12 रुपये राहिला आहे. तेव्हा कच्च्या मालाची किंमत तुम्हाला त्याच दराने धरायला हवी. फळ घरचे आहे म्हणून ते फुकटचे नाही. दहा किलो फळे घेतली तर साल, गाभा आणि सडके भाग काढून सुमारे सात किलो चकत्या निघतात, आणि फळात पाचातले चार भागांहून जास्त पाणीच असल्यामुळे त्या वाळून किलोभर, फार तर थोड्या अधिक भरतात. म्हणजे किलोभर सुक्या चकत्यांमागे 120 रुपयांचे फळ झाले. खरा खर्च पुढे आहे: सोलणे, गाभा काढणे, एकसारखी अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ चकती कापणे, ती काळी पडू नये म्हणून लिंबाच्या किंवा मिठाच्या पाण्यातून काढणे आणि जाळीवर एकेक करून मांडणे. दहा किलोंना तुमच्या दोन हातांना किती तास लागतात ते घड्याळ लावून एकदा मोजा आणि त्या तासांची मजुरी गड्याच्या दराने लावा. इतके झाल्यावर जी किंमत येईल ती पुण्यात कोणी देईल का, हा प्रश्न विचारायचा. तो आधी विचारण्यात अर्थ नाही.

वेळेचा मुद्दा इथेही येतोच. ऑगस्टात हवा इतकी ओली असते की उन्हावर चालणाऱ्या वाळवणाच्या पेटीत चकत्या वाळण्याऐवजी चिकट होऊन बुरशी धरतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस ओसरतो, हवा कोरडी होते, उन्हे कडक पडतात आणि रात्री गार असतात. तोवर डागी पण न फुटलेली फळे उत्तरेकडच्या थंड खोलीत पसरून ठेवली तर टिकतात. गारेने कातडे फाटलेले फळ मात्र टिकणार नाही, ते लगेच विका किंवा गुरांना घाला. ऑक्टोबरात माल तयार झाला की दिवाळी समोर असते. पहिल्या वर्षी पन्नास किलोंच्या वर जाऊ नका, अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या, पाकिटावर वजन आणि तारीख छापा, आणि गिऱ्हाईक म्हणून मावश्या-आत्यांना धरू नका. त्या कौतुकाने घेतात आणि पुढच्या वर्षी फुकट मिळेल असे धरून चालतात.

व्हिनेगर सध्या बाजूला ठेवा. रस आधी आंबून त्याचे मद्य होते आणि मग मद्याचे आम्ल. मधल्या टप्प्यावर तुमच्या पिंपात जे असते ते कायद्याच्या नजरेत काय ठरते, ते अबकारी खात्याकडून लेखी समजून घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

आता त्या पिवळ्या झाडांकडे वळते, कारण तुमच्या पत्रातले मला सर्वांत घाबरवणारे वाक्य तेच होते. रॉयलचे फूल रॉयलच्या परागाने फळत नाही. त्याला दुसऱ्या जातीचा पराग लागतो, तोही त्याच दिवसांत फुलणाऱ्या जातीचा, आणि तुमच्या बागेत ते काम गोल्डन करते. ज्याने कोणी चाळीस वर्षांपूर्वी ती झाडे लावली त्याने ती बाजारभावासाठी लावलेली नसावीत. गोल्डनची फळे अडत्याकडे पडक्या भावात गेली तरी लाल पेट्यांमधला मोठा हिस्सा त्या झाडांच्या पुण्याईवर भरला जातो. ती तोडलीत तर पहिल्या वसंतात फुलोरा नेहमीसारखाच बहरेल, तुम्हाला काही कळणार नाही, आणि मे महिन्यात फांद्या रिकाम्या दिसतील. शास्त्र असे सांगते की बागेत दर तीन झाडांमागे एक झाड परागदात्या जातीचे असावे. तुमच्याकडे दोनशेंत ती किती आहेत? मला शंका आहे की मुळातच कमी असतील. तसे असेल तर तीन वर्षे न हललेल्या उत्पन्नाचे एक कारण तिथे असू शकते. फुलोऱ्याच्या आठवड्यात आभाळ भरून आले आणि गारठा पडला की माश्या पेटीबाहेर पडत नाहीत. त्यातल्या त्यात आपली देशी सातेरी माशी परदेशी माशीपेक्षा गारठ्यात लवकर कामाला लागते. मधपेट्या भाड्याने आणता की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. आणत नसाल, तर तुमच्या मैत्रिणीच्या पैशांपेक्षा त्या भाड्याचा बागेला अधिक उपयोग होईल.

दाट लागवडीचे आकर्षण मी समजू शकते. बुटक्या खुंटावरची, म्हणजे झाड ठेंगणे ठेवणाऱ्या मुळावर बांधलेली, कलमे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवतात, तर बियांच्या रोपावर बांधलेल्या जुन्या पद्धतीच्या झाडासाठी आठ-दहा वर्षे थांबावे लागते. परंतु एम-9 सारख्या खुंटाची मुळे उथळ असतात. त्याला जन्मभर तारांचा आधार लागतो आणि ठिबकने नियमित पाणी लागते. तुमच्या बागेला एकाच झऱ्याचे पाणी आहे आणि मे महिन्यात तोही बारीक होतो, असे तुम्हीच लिहिता. तेवढ्या पाण्यावर मी एम-9 लावणार नाही. एमएम-111 हा अर्धबुटका खुंट कोरडेपणा बराच सोसतो, तो विचारात घ्या. दुसरे असे की जिथून जुने सफरचंद उपटले तिथेच लगेच नवे लावले तर ते खुरटते. माती जुन्या मुळांच्या रोगांनी भरलेली असते. म्हणून सर्वांत वरच्या एकाच पायरीवरची, आधीच वाळत चाललेली वीसेक झाडे काढा, मुळ्या वेचून जमिनीला निदान एक वर्ष विसावा द्या, त्या वर्षात वाटाणा किंवा मोहरी घ्या, आणि माती तपासून मशोबऱ्याच्या बागायती संशोधन केंद्रातल्या किंवा रोहडूच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना दाखवून मगच खुंट ठरवा. जात म्हणाल तर गालाचा विचार जरूर करावा. ती रॉयलपेक्षा कमी थंडीत भागवते, आणि बर्फाला ‘सफेद खाद’ म्हणणाऱ्या तुमच्या भागात अलीकडचे हिवाळे कसे कोरडे जात आहेत ते मी सांगायला नको. ती रॉयलला परागही देते आणि तिची फळे आधी तयार होत असल्यामुळे तोडणीची झुंबड थोडी विभागली जाते. पिवळ्या झाडांची संख्या कमी भरली, तर ती उणीव या वरच्या पायरीवरून भरून निघेल.

मैत्रिणीला स्पष्ट नकार कळवा. हिमाचलच्या कुळकायद्याच्या कलम 118 प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला सरकारी परवानगीवाचून तिथली जमीन घेता येत नाही, आणि परवानगीला वळसा घालून कोणाच्या तरी नावाने व्यवहार करणे म्हणजे घर कोर्टाच्या दारात नेऊन ठेवणे. तिला खरोखरच मदत करायची असेल तर तिने दिवाळीच्या चकत्यांची आगाऊ मागणी पैशांसह नोंदवावी. जमिनीचा विषय तुम्ही सासूबाईंसमोर काढला असेल, तर बाकीच्या योजनांकडे त्या संशयाने का पाहतात याचे आणखी कारण शोधायला नको.

आणि ‘मी बाहेरची’ याबद्दल. तुमच्या भागात सफरचंदाचा आजचा व्यापार ज्याच्यामुळे उभा राहिला तो माणूस फिलाडेल्फियाचा होता. सॅम्युअल स्टोक्स 1904 साली सबाथूच्या कुष्ठरोग्यांची सेवा करायला आले, कोटगढात राहिले, तिथलीच मुलगी त्यांनी केली, पुढे सत्यानंद झाले, आणि 1916 मध्ये त्यांनी अमेरिकेतून रेड डिलिशसची कलमे आणून लावली. त्या काळच्या आंबट विलायती फळांपुढे हे गोड फळ उजवे ठरेल असा त्यांचा होरा होता, पण तो खरा ठरायला बरीच वर्षे जावी लागली. परकेपणा आड आला असता तर तिथे तो सर्वांत आधी त्यांना आला असता. तुमच्या घरात अडचण परकेपणाची नसून तुम्ही प्रश्न नेमका तोडणीच्या तोंडावर विचारता ही असावी, असे मला वाटते. जूनमध्ये मांडलेल्या योजनेला दुसरे कोणते उत्तर मिळणार?

आता नोव्हेंबर आहे. पुढच्या काही आठवड्यांत छाटणी सुरू होईल, खोडांना चुना-मोरचूद लागेल, आणि मग झाडांच्या बुंध्याभोवती आळी करायची, तुम्ही लोक ज्यांना ‘तौलिये’ म्हणता ती. आपल्याकडच्या सावडीसारखी एकमेकांच्या बागेत जाऊन राबण्याची रीत तुमच्या गावात अजून शिल्लक असेल तर त्या कामाला तुम्हीही जा, कारण कोणाची कोणती जात कोणत्या पायरीवर लागली हे तिथे बोलता बोलता कळते. संध्याकाळी तंदूर, म्हणजे खोली उबदार ठेवणारी शेगडी, पेटवून सगळे भोवती बसतात तेव्हा किलोत मांडलेली वही सासूबाईंच्या हाती द्या आणि कोणतीही योजना न मांडता एवढेच विचारा, की ही पिवळी झाडे कोणी, कधी आणि नेमकी याच जागी का लावली. त्या काय म्हणाल्या ते मला जरूर लिहा. झाडांची मोजदादही सोबत पाठवा. गालाची कलमे किती लागतील ते त्यावरून ठरवू. त्यांची मागणी रोपवाटिकेत बरीच आधी नोंदवावी लागते.

तुमची,
ताई